गावातल्या आणि शिवारातल्या घरांना पत्ता कसा द्यावा, आणि दिलेला पत्ता कसा टिकवावा

मु. पो. अमुक, ता. कुही, जि. नागपूर. आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर, मुलीच्या टीसीवर हाच पत्ता असतो आणि गावातल्या चारशे घरांचाही हाच. पोस्टमन गावचाच होता तोवर त्याचं काही अडलं नाही. लिफाफ्यावर नाव वाचलं की पाय आपोआप त्या दाराकडे वळायचे. आता दाराशी येणारे बहुतेक लोक गावचे नसतात. १०८ची गाडी चालवणारा, गॅस सिलेंडरवाला, कुरिअरचा पोरगा, पीक विम्याचा पंचनामा करणारा माणूस, हे सगळे गावाच्या फाट्यावर उभे राहून फोन लावतात. पलीकडून सांगतात, "बोडीच्या पारीवरून सरळ या, मंग आंब्यापासून खाली उतरा." (बोडी म्हणजे लहान तळं, पार म्हणजे त्याचा बांध.) दिवसा ते जमून जातं. पावसाळ्यातल्या रात्री, शेतात मुक्कामाला असलेल्या माणसाला साप चावलेला असताना, आंबा कोणता हे अंधारात कुणाला दिसणार?

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. निवृत्तीनंतर नागपूर जिल्ह्यातल्या काही ग्रामपंचायतींना घरांच्या आणि शेतातल्या वस्त्यांच्या पत्त्यांचं काम करायला मदत केली. त्या अनुभवावरून ही पद्धत लिहितो आहे. सरपंच, ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) आणि गावातली उत्साही पोरं, सगळ्यांना उपयोगी पडावी म्हणून.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. घराला क्रमांक नाही असं गाव क्वचितच सापडेल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, नोंद झालेल्या प्रत्येक घराला मालमत्ता क्रमांक असतोच. पण तो क्रमांक घराची नोंद कधी झाली ते सांगतो, घर कुठे आहे ते सांगत नाही. म्हणून ४१च्या शेजारी ३१८ असतं आणि ४२ पार दुसऱ्या टोलीत. परक्या माणसाला ४१ सापडलं म्हणून ४२ सापडत नाही. आपल्याला हवा आहे तो जागा सांगणारा क्रमांक.

जुन्या क्रमांकाला हात लावू नका

हे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. पहिल्याच गावात आम्ही नव्या क्रमांकांचा उत्साह एवढा धरला की नमुना ८ मधलेच क्रमांक बदलून टाकले. पुढचे सहा महिने लोक हेलपाटे घालत राहिले. घरकुलाच्या हप्त्याच्या कागदावर जुना क्रमांक, दाखल्यावर नवा. बँकेत गहाण ठेवलेल्या घराच्या कागदावर एक, कराच्या पावतीवर दुसरा. एका विधवा बाईंना वारसनोंदीसाठी तीनदा पंचायतीत यावं लागलं, आणि त्यांचा त्यात काडीचा दोष नव्हता. शेवटी सगळं परत फिरवलं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. मालमत्ता क्रमांक करासाठी, पत्ता क्रमांक पोचण्यासाठी. दोघांची वही वेगळी. पत्त्याच्या वहीत मालमत्ता क्रमांकाचा एक रकाना ठेवायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेले राहतात आणि कुणाचा कुणाला त्रास होत नाही. स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी होऊन सनद मिळाली असेल तर मिळकत पत्रिकेचा क्रमांकही त्याच ओळीत लिहा. योजना २४ एप्रिल २०२०ला सुरू झाली आणि त्यातून तयार झालेला गावठाणाचा नकाशा आपल्या कामाला फार सोयीचा आहे. त्यात प्रत्येक घराची हद्द आणि गल्ल्या स्पष्ट दिसतात. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची प्रत मागून घ्या.

ठराव आणि माणसं

काम मासिक सभेत मांडा आणि ग्रामसभेत मंजूर करून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा जवळ असेल ती धरा. ठरावात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: रस्त्यांची नावं कोण ठरवणार, क्रमांक कोणत्या पद्धतीने देणार, पत्त्याची वही कुणाच्या ताब्यात राहणार, आणि हा क्रमांक मालकी हक्काचा किंवा बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नाही. हे शेवटचं वाक्य ठरावातही हवं आणि घरोघरी द्यायच्या चिठ्ठीवरही. ते नसेल तर अतिक्रमणातल्या घराला क्रमांक द्यायचा की नाही यावरून भांडणं सुरू होतात. माझं मत विचाराल तर त्या घरालाही क्रमांक द्यायचाच. तिथेही म्हातारी माणसं राहतात आणि तिथेही आग लागू शकते. जागेचा वाद महसूलवाले बघतील.

समितीत पुढाऱ्यांपेक्षा पायी फिरणारी माणसं घ्या. आशाताईंना कोणत्या घरात किती माणसं आणि कुठल्या खोलीत गरोदर बाई आहे हेही ठाऊक असतं. महावितरणच्या लाइनमनला शिवारातलं एकूण एक कनेक्शन माहीत असतं. ग्रामीण डाक सेवक, कोतवाल, पोलीस पाटील आणि पंचायतीचा चपराशी, एवढी माणसं बसली तर नकाशावर नसलेली घरंही तासाभरात नकाशावर येतात. एका गावात तर लाइनमनने संत्र्याच्या बागांमधली अकरा रखवालदारांची घरं दाखवली. ती ना नमुना ८ मध्ये होती ना मतदार यादीत.

रस्त्यांची यादी आणि नावं

आता मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढा आणि प्रत्येक रस्ता, गल्ली, पांदण (शेतात जाणारी वाट) त्यावर ओढा. ज्या वाटेवर तीन किंवा जास्त घरं उघडतात तिला स्वतंत्र नाव द्या. एकदोनच घरं असतील तर त्यांचा पत्ता मुख्य रस्त्यावरूनच चालतो. राज्य मार्ग किंवा जिल्हा मार्ग गावातून जात असेल तर त्याला आपलं नाव देऊ नका, त्याचा क्रमांकच वापरा. पांदण रस्त्याला महसुली नकाशात किंवा पटवाऱ्याकडे क्रमांक असेल तर नावासोबत तोही वहीत लिहा.

नावांचं काम सगळ्यांत नाजूक, म्हणून इथे घाई नको. पहिली गोष्ट, जातिवाचक नावं ठेवायची नाहीत. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्येच निर्णय घेऊन वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायला सांगितलं आहे. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी पर्यायी नावंही सुचवली आहेत. तरी कागदोपत्री आणि बोलण्यात जुनी नावं राहिली आहेत. ज्या वस्तीचं नाव बदलायचं त्या वस्तीतल्या लोकांनीच नवं नाव सुचवावं. वरून लादलेलं नाव कुणी वापरत नाही. एका वस्तीतल्या बायकांनी आपल्या गल्लीला विहिरीचं नाव मागितलं होतं. ती विहीर त्यांच्या आजोबांनी श्रमदानाने खोदलेली होती. असं नाव आपोआप तोंडी बसतं.

दुसरी गोष्ट, एका गावात सारखी वाटणारी दोन नावं नकोत. हनुमान मंदिर रस्ता म्हणाल तर गावात हनुमानाची दोन मंदिरं असतातच, एक गावात आणि एक वेशीवर. शिवनगर आणि शिवाजीनगर फोनवर सारखंच ऐकू येतं. नागपूरच्या आसपास ले-आउट पडलेल्या गावांत तर साईनगर आणि गणेशनगर यांची इतकी गर्दी झाली आहे की एकाच ग्रामपंचायतीत तीन बिल्डरांची तीन साईनगरं असतात. ती वेगळी करायला "साईनगर, आखराजवळ" (आखर म्हणजे गुरं जमायची जागा) अशी जोड देऊन भागत नाही. दोघांना नाव बदलायला लावाच. सगळ्यांत आधीची वसाहत नाव ठेवील, बाकीच्यांनी बदलावं, हा न्याय लोकांना पटतो.

तिसरी, जिवंत माणसाचं नाव देऊ नका. निवडणूक झाली की पाटी उखडली जाते.

चांगली नावं गावातच पडलेली असतात: आखर रस्ता, बोडी पांदण, गुजरी गल्ली, मामा तलाव रस्ता. नाव लहान असावं, फोनवर एकदा सांगितलं की कळावं. आणि एकदा ठरलं की देवनागरीत एकच लेखन आणि रोमन लिपीतही एकच स्पेलिंग वहीत लिहून टाका. कुणी पांदण लिहितं, कुणी पांधण. फोनच्या नकाशात ते दोन वेगळे रस्ते होऊन बसतात.

शून्य कुठे धरायचा

नागपुरात झीरो माइलचा दगड आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. तो वालुकाश्माचा खांब, बाजूला चार घोडे आणि दगडावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा अशा गावांची मैलांमधली अंतरं. त्या दगडामागची कल्पना साधी आहे. जागा ठरवायची तर मोजायला सुरुवात कुठून ते आधी ठरलं पाहिजे. गावातल्या प्रत्येक रस्त्याला असाच एक शून्य बिंदू लागतो.

रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे शून्य धरा. पांदण डांबरी रस्त्याला मिळते ती जागा, गल्ली चौकात उघडते ती जागा. रस्ता दोन्ही टोकांना सारखाच मोठा असेल तर गाडी बहुतेक वेळा ज्या बाजूने आत येते ती बाजू घ्या. आमच्याकडे ती बाजू सहसा तालुक्याची किंवा नागपूरची. शून्याची जागा झाडावर किंवा पानठेल्यावर ठरवू नका. झाड पडतं, ठेला उठतो. पुलाचा कठडा किंवा चौकातला सिमेंटचा खांब चालतो. तसं काहीच नसेल तर एक दगड पुरा आणि त्याचे अक्षांश-रेखांश वहीत लिहा.

क्रमांक: गल्लीत मीटर, शिवारात दहा मीटर

शिवारातल्या घरांसाठी सगळ्यांत उत्तम पद्धत अंतरावर चालते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात ग्रामीण भागात ती वर्षानुवर्षं वापरात आहे आणि आपल्या पांदणींनाही चपखल बसते. शून्यापासून फाटकापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजायचं आणि त्याला १० ने भागायचं. शून्याकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताच्या घरांना विषम क्रमांक, उजव्या हाताच्या घरांना सम. भागाकार आला की आपल्या बाजूचा सगळ्यांत जवळचा क्रमांक घ्यायचा.

उदाहरण घ्या. बोडी पांदणीवर उजव्या हाताला १,३३८ मीटरवर एक फाटक आहे. भागाकार १३३.८. जवळचा सम क्रमांक १३४, म्हणून पत्ता झाला १३४, बोडी पांदण. त्याच्या बरोबर समोर डाव्या हाताला फाटक असेल तर जवळचा विषम क्रमांक १३३. आता गाडीवाल्याला कुणी "२८६, बोडी पांदण" सांगितलं तर त्याने क्रमांकाला १० ने गुणायचं: फाट्यापासून २ किलोमीटर ८६० मीटर, उजव्या हाताला. वाटेत कुणाला विचारायची गरज नाही, गाडीच्या मीटरवर कळतं. आणि १३४ आणि २८६च्या मध्ये उद्या दहा घरं झाली तरी त्यांच्यासाठी क्रमांक आधीच शिल्लक आहेत. एकापाठोपाठ १, २, ३ अशी नंबरं दिलेल्या गावात हेच होत नाही. तिथे पाच वर्षांत १२/अ, १२/अ/१, १२/अ/१/ब अशी शेपटी वाढत जाते.

गावठाणात मात्र ही पद्धत तशीच चालवता येत नाही. तिथे दारं चार-पाच मीटरवर असतात आणि दहा मीटरच्या हिशेबात वीस मीटरला एका बाजूला एकच क्रमांक मिळतो. म्हणून गल्लीत भागाकार करायचाच नाही. जितके मीटर तोच क्रमांक, डावीकडे विषम, उजवीकडे सम. डाव्या हाताला ४७ मीटरवर दार असेल तर ४७. समोर ४७ मीटरवरच दार असेल तर ४८. गल्ली शंभर-दीडशे मीटरची असते, त्यामुळे आकडेही आटोक्यात राहतात.

दोन मोजमापं एकत्र असल्याने घोटाळा होऊ नये म्हणून नावातूनच खूण करून ठेवा. नावात गल्ली किंवा ओळी असेल तर क्रमांक मीटरचा. ओळी हा शब्द आपल्याकडे इतवारीतल्या सराफा ओळीपासून रुळलेला आहे. नावात रस्ता किंवा पांदण असेल तर क्रमांक दहा मीटरचा. एकच रस्ता गावठाणातून निघून शिवारात जात असेल तर गावठाणाच्या सीमेवर त्याची दोन नावं करा आणि शिवारातल्या भागाचं शून्य तिथे धरा.

मोजणी

मोजायला मापनचाक सगळ्यांत चांगलं. पीडब्ल्यूडीच्या कंत्राटदाराकडे किंवा इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये मागितलं तर मिळतं. ते नसेल तर ३० मीटरचा फीता आणि दोन माणसं. मोटारसायकलच्या मीटरवर विसंबू नका, तो शंभर मीटरखालचं दाखवत नाही. फोनचा जीपीएस जागेची नोंद घ्यायला ठीक, पण गल्लीतलं पाच मीटरचं अंतर मोजायला नाही.

मोजणी एप्रिल-मे महिन्यात करा. पऱ्हाटी काढलेली असते, तूर निघालेली असते, फाटकं आणि वाटा उघड्या दिसतात. सकाळी सहाला निघा, दहापर्यंत आटोपा. आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

अंतर घराच्या दाराशी नाही, रस्त्यावर जिथून आत शिरतो तिथे मोजायचं. रस्त्यापासून चारशे मीटर आत असलेल्या घराचा क्रमांकही फाटकाचाच. घरांसोबत अंगणवाडी, शाळा, मंदिर, समाजभवन, पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, गोदाम आणि वीज असलेल्या विहिरी, सगळ्यांना क्रमांक द्या. विहिरीला कशाला, असं दर गावात विचारतात. मोटार सुरू करताना शॉक बसतो, विहिरीत माणूस पडतो, आणि तिथे घर नसतं म्हणून पत्ताही नसतो. म्हणून द्यायचा.

प्रत्येक फाटकाशी थांबून कागदावर रस्त्याचं नाव, मीटर, डावा-उजवा, राहणाऱ्याचं नाव, मालमत्ता क्रमांक आणि खसरा (जमिनीचा भूमापन) क्रमांक लिहा. फोनवर जागेची नोंद आणि फाटकाचा फोटो घ्या. क्रमांक तिथल्या तिथे ठरवू नका. घरी बसून हिशेब करा, म्हणजे चुका सापडतात.

अडणारी घरं

कोपऱ्याचं घर दोन रस्त्यांना लागून असेल तर मुख्य दार ज्या रस्त्यावर उघडतं त्याचा क्रमांक. मागच्या दाराला वेगळा नको.

दोन फाटकं एकाच क्रमांकाच्या टप्प्यात आली तर शून्याच्या जवळच्याला साधा क्रमांक आणि पुढच्याला अ, जसं १३३ आणि १३३अ. अक्षरं यापलीकडे वापरायची नाहीत.

वाड्यात भावाभावांच्या वाटण्या होऊन चार चुली झाल्या असतील आणि दार एकच असेल, तर ४६/१, ४६/२ असं लिहा. आत शिरल्यावर उजव्या हाताने मोजायचं. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीभोवतीच्या गावांत खोल्यांच्या रांगा भाड्याने असतात. तिथे हाच नियम खोल्यांना लावा आणि घरमालकाकडून खोलीच्या दारावर क्रमांक रंगवून घ्या. तिथे बाहेरगावचे कामगार राहतात, आणि आपण नेमके कुठे राहतो हे त्यांनाच सांगता येत नाही.

गोसीखुर्द धरणाच्या प्रकल्पामुळे कुही आणि भिवापूर तालुक्यांत पुनर्वसित गावठाणं झाली. तिथे भूखंड क्रमांक आहे, बऱ्याच लोकांच्या तोंडी अजून जुन्या गावचं नाव आहे आणि जुनी कागदपत्रंही त्याच गावची. तिथे भूखंड क्रमांक हाच पत्ता ठेवायचा मोह होतो, पण भूखंड नकाशावर ओळीने असले तरी बाहेरच्या माणसाला ती ओळ दिसत नाही. मी तिथेही गल्लीचं नाव आणि मीटरच वापरायला सांगतो, आणि वहीत भूखंड क्रमांक व जुन्या गावचं नाव यांचे दोन जादा रकाने ठेवतो. त्या जुन्या नावाला लोकांच्या मनात फार मोठी जागा आहे. वहीतून ते गाळू नका.

ले-आउटच्या जाहिरातीत "मौजा अमुक, प. ह. नं. अमुक, खसरा नं. अमुक" असं लिहिलेलं असतं (प. ह. नं. म्हणजे पटवारी हलका नंबर). तो जमिनीचा ठावठिकाणा झाला, घराचा पत्ता नाही. ले-आउट मंजुरीच्या वेळीच रस्त्यांची नावं आणि क्रमांक ठरवून घ्या. प्लॉट विकले गेल्यावर कुणी ऐकत नाही.

पांदण शेजारच्या गावच्या शिवारात जात असेल तर दोन्ही ग्रामपंचायतींनी एकत्र बसून एकच नाव आणि एकच शून्य ठेवावं. शीव ओलांडली म्हणून क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करू नका.

हरकती, मग पाट्या

कच्ची यादी पंचायतीच्या फलकावर लावा, दवंडी द्या, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका आणि पंधरा दिवस वाट बघा. हरकती येतात त्या बहुधा नावाच्या असतात, क्रमांकाच्या फार थोड्या. तेरा नको म्हणणारे भेटतील. अंतरावर क्रमांक येतो हे त्यांना रस्त्यावर नेऊन दाखवा, बहुतेक लोक मान्य करतात.

पाटीसाठी अॅल्युमिनियमचा पत्रा घ्या; फ्लेक्स एका उन्हाळ्यात उडतो. आकडे किमान ७५ मिलिमीटर उंच असावेत. गडद पाटीवर पांढरे आणि परावर्तक पट्टीचे असले तर गाडीच्या दिव्यात लांबून चमकतात. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आकडे ठेवा. शिवारातली पाटी फाटकाच्या खांबावर आणि रस्त्याला काटकोनात लावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी येणाऱ्याला दिसेल. उंचीचा विचार नीट करा. मे महिन्यात कमरेच्या उंचीवर लावलेली पाटी छान दिसते, डिसेंबरात ती तुरीत गडप झालेली असते. दीड-पावणेदोन मीटर उंची ठेवा आणि तूर अगदी खांबालगत असेल तर त्याहून वर. रस्त्याच्या नावाची पाटी शून्य बिंदूवर लावा. ती नसेल तर घरावरच्या पाट्यांचा उपयोग अर्धाही होत नाही.

खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात दाखवून वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला बांधून न दिलेल्या) निधीतून किंवा स्वनिधीतून करा. "शासनाने सक्तीची केली आहे" म्हणून घरोघरी पाटी ठोकून पैसे गोळा करणारे लोक गावात फिरतात. ते स्वतःच्या मनाने ओळीने नंबर टाकतात. पंचायतीचा ठराव दाखवल्याशिवाय कुणाला पाटी लावू देऊ नका.

वही

पत्त्याची वही कागदावर ठेवा आणि संगणकावरही. एका ओळीत एवढं असावं: पत्ता क्रमांक, रस्ता, वस्ती, मीटर, डावा-उजवा, मालमत्ता क्रमांक, मिळकत पत्रिका किंवा खसरा, वापर (घर, दुकान, विहीर), अक्षांश-रेखांश, डिजिपिन, दिल्याची तारीख, बदलाची तारीख आणि कारण. माणसांची नावं आणि फोन नंबर वेगळ्या पानावर ठेवा. पत्त्यांची यादी सगळ्यांना देता येते, फोन नंबरांची यादी द्यायची नाही.

डिजिपिनबद्दल दोन शब्द. डाक विभागाने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने ही पद्धत तयार केली आणि मे २०२५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. देशाची सुमारे चार बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागणी केली आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत आहे. फोनवर तो लगेच मिळतो, आणि रस्ता नसलेल्या जागेलाही मिळतो, म्हणून बांधावरच्या विहिरीसाठी तो फार कामाचा. पण घाबरलेल्या माणसाला रात्री फोनवर दहा अक्षरं बिनचूक सांगता येत नाहीत. "१३४, बोडी पांदण" सांगता येतं. म्हणून दोन्ही ठेवा. एक तोंडी सांगायला, एक यंत्राला द्यायला.

पिनकोड विसरू नका. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. देशात एकाच नावाची असंख्य गावं, हे तिच्यामागचं एक मोठं कारण होतं. आपल्याच जिल्ह्यात खापरी, पिपळा, सोनेगाव किती आहेत ते बघा. एका पिनकोडात अनेक गावं येतात, म्हणून पूर्ण पत्ता असा लिहावा: १३४, बोडी पांदण, गावाचं नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा नागपूर आणि पिन. गावाच्या नावाला जोडनाव असेल तर तेही, कारण नकाशात चुकतं ते तिथेच.

वही पक्की झाली की तिची प्रत पोस्टात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये, महावितरणच्या शाखेत, गॅस एजन्सीत आणि मतदार यादीचं काम करणाऱ्या बीएलओकडे द्या. १०८च्या आपल्या भागातल्या गाडीच्या चालकाला प्रत्यक्ष भेटून नकाशा द्या आणि क्रमांकाचा अर्थ समजावून सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. गूगल मॅप्स आणि ओपन स्ट्रीट मॅपवर रस्त्यांची नावं गावातल्या पोरांकडून चढवून घ्या. जनगणनेच्या वेळी घरांवर जे क्रमांक टाकतात ते त्या कामापुरते असतात. ते आणि आपले एकमेकांत मिसळू देऊ नका, आणि त्यांच्या खुणा पाटीवर पडणार नाहीत हे बघा.

लोकांना आधार कार्ड लगेच बदलायची घाई करायला लावू नका. पुढे कधी दुरुस्ती करायची वेळ येईल तेव्हा नवा पत्ता टाकता येतो. तोवर "जुना पत्ता आणि नवा पत्ता एकच" असा दाखला पंचायतीने मागेल त्याला मोफत द्यावा.

रात्रीची परीक्षा

सगळं झालं की एका परगावच्या माणसाला रात्री नऊला फाट्यावर बोलवा. त्याच्या हातात पाच पत्ते द्या, दोन गावठाणातले आणि तीन शिवारातले. त्याने कुणालाही न विचारता, फोन न लावता पोचायचं. आमच्या एका गावात पाचपैकी तीन सापडले. चौथ्या घराची पाटी फाटकाच्या आतल्या बाजूला होती आणि पाचव्या घरी जाताना दुफाट्यावर रस्त्याच्या नावाची पाटीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन्ही दुरुस्त झाल्या. ही परीक्षा केल्याशिवाय काम संपलं असं धरू नका.

पुढची वर्षं

पत्ता दिल्यावर तीन-चार वर्षांत वही आणि गाव यांची फारकत होते, हे मी दोन ठिकाणी पाहिलं. कारण एकच होतं, नोंद करायचं काम कुणा एकाचं नव्हतं. म्हणून कामं ठरावीक प्रसंगांना बांधून टाका. बांधकाम परवानगी देताना त्याच कागदावर पत्ता क्रमांक द्या. वाटणी, विक्री किंवा वारसाची नोंद घेताना वही उघडा. घर पाडलं तर ओळ खोडू नका, "रिकामं" लिहा आणि तारीख टाका. त्याच जागी नवं घर झालं की तोच क्रमांक परत येतो. नवी वाट पडली आणि तिच्यावर तिसरं घर झालं की तिला नाव द्या. मासिक सभेत "पत्त्यातील बदल" असा एक कायमचा विषय ठेवा. काही नसेल तर "निरंक" लिहा, पण विषय गाळू नका.

दर वर्षी दोन फेऱ्या कराव्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पीक उभं असताना, पाट्या दिसतात का ते बघायला. एप्रिलात नवी घरं आणि नवी फाटकं मोजायला. दर चार वर्षांनी कर आकारणीची फेरतपासणी होते तेव्हा पूर्ण गाव फिरावं लागतंच. तेव्हा पत्त्याची वही सोबत न्या आणि ओळन् ओळ ताडून घ्या. गाव उद्या नगर पंचायत किंवा नगर परिषद झालं, नागपूरजवळच्या वाडी आणि बुटीबोरी या गावांचं तसं झालंच, तर अंतरावर दिलेले क्रमांक तसेच चालतात.

आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली होते तेव्हा प्रभार यादीत पत्त्याची वही, संगणकातली फाइल, तिचा पासवर्ड, मूळ नकाशा आणि मापनचाक या पाच गोष्टी नावानिशी लिहून, सही घेऊनच पुढच्यांच्या हाती द्या. वहीची एक छापील प्रत गावच्या शाळेच्या कपाटातही ठेवा, दर एप्रिलच्या फेरीनंतर बदलून.